महामारीतील भूक आणि आपले आहारदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पंढरपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जीवनातील कृतज्ञतेचा क्षण असतो. ज्यांनी पाया घातला, ज्यांनी पै-पै जमवून वास्तू उभी केली, ज्यांनी पदाची अपेक्षा न धरता वर्षानुवर्षे हिशेब लिहिले, त्या सर्वांचे स्मरण आज होत आहे आणि ते व्हावयासच हवे. परंतु पन्नास वर्षांच्या संस्थेकडे समाज केवळ भूतकाळ म्हणून पाहत नाही. उद्याच्या संकटात आधार कोणाचा, याचेही उत्तर तो तिच्याकडे मागतो. म्हणून आजच्या या मंगल प्रसंगी मी आपल्यापुढे एक प्रश्न ठेवणार आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, कोरोनाच्या महामारीत, आपल्या या पंढरपुरात कोणकोणत्या घरांत चूल पेटली नाही, का पेटली नाही, आणि हे जाणून घेण्याची आपल्यापाशी काही रीत होती काय?

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. त्या काळात देशात धान्याचा तुटवडा मुळीच नव्हता. १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू व तांदूळ मिळून किमान निकषाच्या दुपटीहून अधिक धान्य होते. गोदामे भरलेली होती आणि तरीही माणसे अर्धपोटी राहिली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने एप्रिल-मे २०२० मध्ये बारा राज्यांतील सुमारे पाच हजार श्रमिकांची दूरध्वनीवरून पाहणी केली, तेव्हा दहापैकी जवळजवळ आठ घरांनी पूर्वीपेक्षा कमी अन्न खात असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अन्न अधिकार अभियानाने अकरा राज्यांतील गरीब वस्त्यांत चौकशी केली. टाळेबंदी शिथिल होऊन काही महिने लोटले होते, तरी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या ताटातील अन्न टाळेबंदीपूर्वीपेक्षा कमीच होते. अन्न होते, पोट होते. मधली वाट तुटलेली होती.

ही वाट पंढरपुरात कशी तुटली, ते पाहू. १७ मार्च २०२० रोजी श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर भाविकांसाठी बंद झाले. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिलमधील चैत्री वारी झाली नाही. १ जुलैच्या आषाढी एकादशीला संतांच्या पादुका एसटीच्या बसगाड्यांतून आल्या आणि गावात संचारबंदी होती. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, मंदिर मर्यादित संख्येने दर्शनासाठी उघडले. परंतु २६ नोव्हेंबरच्या कार्तिकीला पुन्हा संचारबंदी आली. २०२१ची माघी, चैत्री आणि २० जुलैची आषाढी याच रीतीने गेली. गजबजलेली पूर्ण आषाढी वारी या गावाने पुन्हा पाहिली ती १० जुलै २०२२ रोजी.

शेतकऱ्याचे जसे खरीप आणि रब्बी, तसे या गावाचे चार हंगाम आहेत: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. चैत्री २०२० पासून आषाढी २०२१ पर्यंत असे सलग सहा हंगाम बुडाले. शेतीचा एक हंगाम बुडाला तर पैसेवारी काढली जाते, दुष्काळ जाहीर होतो, सवलती लागू होतात. वारीचा हंगाम बुडाल्याची पैसेवारी मात्र कोणी काढत नाही. तुळशीच्या माळा ओवणारी कुटुंबे, बुक्का-कुंकू आणि अष्टगंधाचे विक्रेते, चुरमुरे-बत्ताशांच्या भट्टीवरील कामगार, चंद्रभागेतील होडीवाले, टाळ-मृदंग दुरुस्त करणारे कारागीर, लॉज व धर्मशाळांतून धुणेभांडी करणाऱ्या भगिनी, रिक्षावाले, वाळवंटात भाविकांच्या कपाळी गंध लावणारे, ही सारी माणसे भूमिहीन असली तरी हंगामावरच जगत होती. यात्रेकरूंच्या दानधर्मावर ज्यांचा निर्वाह होता, त्या निराधारांचे तर दोन्ही वेळचे अन्न एकाच दिवशी थांबले. जे गाव लाखोंच्या पंगती उठवते, त्याच गावात हे घडले, हे आपण विसरता कामा नये.

भूक आणि साथ यांची जोडी आपल्या भूमीला नवी नाही. १८९६-९७च्या दुष्काळातच मुंबई इलाख्यात प्लेग शिरला आणि त्यासाठी १८९७चा साथरोग कायदा झाला. तोच कायदा २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा हाती घेतला. १९१८ साली पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उपाशी देह आजाराला लवकर शरण जातो आणि आजारी देह मजुरी आणू शकत नाही. असे हे दुहेरी जाते आहे.

त्याहून जुनी स्मृती आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याची आहे. पंधराव्या शतकातील दामाजीपंतांची कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. बिदरच्या बादशहाची कोठारे त्यांच्या स्वाधीन होती, बाहेर दुष्काळाने माणसे मरत होती आणि पंतांनी कोठारांची दारे उघडली. भक्तीच्या अंगाने ही कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. आज तिच्यातील व्यवहार पाहा. कोठारात धान्य होते. प्रश्न दाराचा होता. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेच दाखविले, की धान्य उपलब्ध असणे आणि ते माणसाच्या हक्काच्या कक्षेत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात या दाराची एक किल्ली शोधली होती. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेने हाताला काम दिले. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरी मिळाली की बाजारातील धान्य घरात येते, हे सोलापूर जिल्ह्याने खडी फोडून अनुभवले. महामारीची क्रूरता अशी, की तिने आपले दोन्ही जुने उपाय एकदम बंद केले. गर्दी नको म्हणून कामे थांबली आणि गर्दी नको म्हणून पंगतीही थांबल्या. आता एकच मार्ग उरला, तो म्हणजे प्रत्येक दारापर्यंत जाणे. दारापर्यंत जायचे तर ते दार कोणाचे, आत किती माणसे आणि त्यांना उणे काय, हे आधी ठाऊक असावे लागते.

शासनाने उपाय केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या योजनेनुसार अन्नसुरक्षा कायद्याखालील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळाले. केशरी शिधापत्रिकाधारकांना मे व जून महिन्यांत प्रतिव्यक्ती तीन किलो गहू आठ रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने देण्यात आला. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने विनामूल्य मिळाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची एक मूद यांवर अनेकांचा दिवस निभावला.

परंतु प्रत्येक योजनेला एक उंबरठा असतो, आणि तो उंबरठा नोंदीचा असतो. शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९ हजार रुपयांच्या आत असेल तरच प्राधान्य कुटुंबात नाव लागे. एक हजार रुपये अधिक दाखविणारे घर संकटात खरोखर किती संपन्न असते? केंद्राने लाभार्थ्यांची मर्यादा २०११च्या जनगणनेवरून ठरविली. त्यानंतर वेगळ्या झालेल्या चुली, जन्मलेली बालके, सासरी आलेल्या सुना कित्येकदा कागदाबाहेर राहिल्या. एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्याने दीड हजार रुपयांचे साहाय्य दिले, ते परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि नोंदणीकृत बांधकाम कामगारांना. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालविणारा, डोक्यावर पाटी घेऊन महाद्वारापाशी बसणारी बाई, यांची नोंद कोठे होती? जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचे धान्य मोफतच आहे. आता किंमत हा अडसर उरला नाही; अडसर आहे तो यादीत नाव असण्याचा.

बंधुभगिनींनो, येथे आपल्यासारख्या संस्थांचे काम सुरू होते. शासन नोंद असलेल्याला देते. समाजाने नोंद नसलेल्याला शोधावे. हा शोध कसा घ्यावा, याचे मार्गदर्शन आपल्याच परंपरेत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे फळ चार गोष्टींनी विशेष ठरते असे सांगितले आहे: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आपण हे चार शब्द स्वाध्यायात अनेकदा ऐकतो. महामारीतील भुकेला ते लावून पाहू.

प्रथम पात्र. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दत्तीचे चार प्रकार सांगितले आहेत. मुनींना आदराने दिली जाते ती पात्रदत्ती. दीनांना करुणेने दिली जाते ती दयादत्ती. आपल्या बरोबरीच्या साधर्मीला दिली जाते ती समदत्ती. आणि वंशाकडे सोपविली जाते ती अन्वयदत्ती. संकटकाळी आपले लक्ष बहुधा दयादत्तीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण समदत्तीचे पात्र आपल्या नजरेतून निसटते. छोटे दुकान चालविणारा, पेढीवर दिवाणजी असलेला, खाजगी शिकवणीवर घर चालविणारा माणूस रांगेत उभा राहत नाही. त्याच्या अंगावरील कपडे स्वच्छ असतात, दारात रांगोळी असते आणि डब्यात पीठ नसते. असे घर आपल्या समाजातही असू शकते, हे मान्य करण्यास आपण संकोचतो. तो संकोच त्या घराला महाग पडतो.

दुसरे द्रव्य. काय द्यावे? योजनेच्या पहिल्या तीन महिन्यांत महाराष्ट्रात मोफत धान्य आले ते तांदळाच्या रूपाने. आपला जिल्हा भाकरीचा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इतकी ती येथल्या मातीशी जोडलेली आहे. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ भाकरी लागते तेथे केवळ तांदूळ देऊन पोट भरते, पण अंगात बळ टिकत नाही. पुन्हा, धान्य दिले आणि गॅसची टाकी संपलेली असेल तर? धान्य दिले आणि तेल, मीठ, डाळ नसेल तर? घरी मधुमेही वृद्ध असेल, अंगावर पिणारे बाळ असेल, तर त्यांची गरज निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. यासाठी शेंगदाणे, गूळ, डाळी, पालेभाज्या यांचा विचार दानाच्या पिशवीत असावा. सर्वांना एकसारखी पिशवी देणे दात्याला सोयीचे असते. घेणाऱ्याला ते उपयोगी पडेलच असे नाही.

तिसरा विधी. कच्छमधील भद्रेश्वरचे जैन श्रेष्ठी जगडूशा यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. तेराव्या शतकातील तीन वर्षांच्या भीषण दुष्काळात त्यांनी आपली कोठारे खुली केली. सर्वानंदसूरींनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात एक बारीक गोष्ट आहे. जे कुलीन लोक मागण्यास लाजत, त्यांच्यासाठी जगडूशांनी आत सुवर्णनाणी लपविलेले लाडू वाटले. त्यांना लज्जापिंड म्हटले आहे. धान्य देणारे अनेक झाले. घेणाऱ्याची लाज राखण्याची व्यवस्था करणारा हा श्रेष्ठी म्हणून निराळा. आज दान देताना आपण छायाचित्र काढतो, ते वृत्तपत्रात देतो, घेणाऱ्याचा खाली झुकलेला चेहराही त्यात येतो. ज्या घराला सर्वाधिक गरज असते, तेच घर त्या कॅमेऱ्यामुळे मागे सरकते. म्हणून विधीचा पहिला नियम असा असावा, की घेणाऱ्याचे छायाचित्र नाही आणि त्याचे नाव फलकावर नाही.

चौथा दाता. मुनिराजांच्या आहाराचा प्रसंग आठवा. मुनी कोणाकडे याचना करीत नाहीत. श्रावक शुद्ध वस्त्रे नेसून, हाती मंगलद्रव्य घेऊन आपल्या दारात उभा राहतो, वाट पाहतो, पडगाहन करतो. आहार स्वीकारला गेला तर तो स्वतःला धन्य मानतो. येथे उपकार घेणाऱ्यावर होत नाही, देणाऱ्यावर होतो. जो मागत नाही त्याच्यासाठी जागरूक राहण्याची ही शिकवण आपण मुनींपुरतीच का ठेवावी? न मागणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत दारात उभे राहून भागणार नाही. त्याच्या दाराशी आपल्यालाच जावे लागेल. भक्तीतला तो नम्रभाव मात्र तोच असावा.

आता प्रत्यक्ष चौकशीची रीत सांगतो. "तुम्ही उपाशी आहात का?" असे विचारले तर प्रत्येक स्वाभिमानी माणूस "नाही" असेच म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने यासाठी आठ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली आहे. अन्न पुरणार नाही याची काळजी वाटली का, येथून ती आरंभ करते. पुढे पौष्टिक अन्न घेता आले नाही का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, नेहमीपेक्षा कमी खाल्ले का, घरातील अन्न संपले का, भूक असून खाल्ले नाही असे झाले का, अशी पायरी-पायरीने उतरत ती पूर्ण दिवस उपाशी गेला का, या शेवटच्या प्रश्नापर्यंत जाते. चिंतेपासून सुरुवात केल्यामुळे माणूस मोकळा होतो आणि संकट पहिल्या पायरीवर असतानाच कळते.

त्यास आपल्या गावासाठी दोन प्रश्न जोडावेत. पहिला असा, की घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि त्या वेळी काय उरते? दुसरा उपवासाचा आहे. हे एकादशीचे गाव आहे आणि आपला समाज अनशन व अवमौदर्य यांना तप मानणारा आहे. ज्या घरात माता "आज माझे व्रत आहे" असे म्हणते, तेथे कोणी आग्रह करीत नाही. पण ते व्रत आठवड्यात किती वेळा येते आणि ते महिन्याच्या अखेरीसच का येते, हे प्रेमाने पाहिले पाहिजे. तपात अन्न समोर असते आणि मन त्याला नाही म्हणते. अन्नच नसताना राहिलेला उपवास तप होत नाही. त्याला उपासमार म्हणतात, आणि आपल्या शेजारी ती घडत असेल तर आपल्या अहिंसा-व्रताला तो प्रश्न आहे.

ही चौकशी कोणी करावी? भगिनींनी करावी, असे माझे मत आहे. स्वयंपाकघरातील सत्य स्त्री स्त्रीलाच सांगते. आपले महिला मंडळ आणि युवक मंडळ यांनी मिळून गल्लीनिहाय कामाची वाटणी करावी. वहीत घराचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा आणि नावांची यादी केवळ दोन जबाबदार व्यक्तींपाशी ठेवावी. जात, धर्म, पंथ यांचा रकाना त्या वहीत नसावा. भुकेला तो नसतो.

विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ मी चार नम्र सूचना करतो. पहिली, अशी नोंदवही संकट येण्यापूर्वी, शांत काळात तयार करावी आणि दरवर्षी पर्युषण पर्वानंतर ती तपासावी. दुसरी, ज्यांची शिधापत्रिका नाही, नावे कमी आहेत किंवा ज्यांचे अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, अशांचे अर्ज भरून देऊन पुरवठा कार्यालयात पाठपुरावा करण्यासाठी आठवड्यातून एक दिवस ठरवावा. एक पिशवी एक महिना पुरते; एक शिधापत्रिका अनेक वर्षे पुरते. तिसरी, गल्लीतील किराणा दुकानदारांशी करार करून गरजू घरांना चिठ्ठी द्यावी, म्हणजे ते घर आपल्या गरजेनुसार ज्वारी, डाळ, तेल घेईल, चारचौघांसारखे दुकानात जाईल आणि दुकानदाराचाही व्यवहार चालेल. चौथी, घरातला कमावता माणूस रुग्णालयात वा विलगीकरणात असेल, त्या घरी पहिल्या दिवसापासून डबा पोहोचविण्याची जबाबदारी नावानिशी ठरवून ठेवावी. रोगाच्या भयाने ज्या दाराशी कोणी जात नाही, तेथेच भूक प्रथम शिरते.

या चार कामांना मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो, सातत्य लागते आणि ऐकण्याची तयारी लागते. निधी देणारे हात आपल्या समाजात कधीच कमी पडले नाहीत. विचारणारे पाय मात्र आपण वाढविले पाहिजेत.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांनी परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत मनाशी बाळगले म्हणूनच त्यांच्या हातून समाजासाठी काही उरले. तोच वारसा आपण पुढे नेत आहोत. साथ पुन्हा येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली तर आपल्या गल्लीतील कोणते घर प्रथम उपाशी राहील, हे आपण आज सांगू शकलो पाहिजे. शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर एवढे एक वाक्य छापता यावे, की या ट्रस्टच्या परिसरात न मागणाऱ्यालाही अन्न मिळाले. ते वाक्य खरे ठरविण्याचे काम आपल्याला उद्यापासून हाती घ्यावयाचे आहे.